पेटीतले अकरा कागद

१

पेटीला कुलूप होतं, कुलपावर गंज होता आणि किल्ली कुरकुरत का होईना, फिरत होती. एवढं सगळं शाबूत होतं. फक्त आत जे अकरा कागद असायला हवे होते, ते नव्हते. त्यांच्या जागी एक झुरळ उताणं मरून पडलं होतं, आणि कलेंगे इस्पितळातली दोन मोठी माणसं त्या झुरळाकडे अशी पाहत होती, जणू खुलासा आता तेच करणार आहे.

"गेले," कारभारी लादिस्लाउस किपेता म्हणाले.

"दिसतंय," पेर्पेतुआ म्हणाली. "पुढे?"

पुढचं कुणालाच सुचेना. पेर्पेतुआला त्याचं नवल वाटलं नाही. पेर्पेतुआ कापेले ही ऑपरेशनच्या यंत्रांची मिस्त्रीण. वय अठ्ठावन्न, अंगावर दोन कांगा, म्हणजे छापील कापडं, एक कमरेला आणि एक डोक्याला, आणि हातात हत्यारांचं लाकडी खोकं. रुक्वा सरोवराच्या काठापासून पठारावरच्या शेवटच्या दवाखान्यापर्यंत जिथे काही बिघडेल तिथे ती बसने जाई. सुंबावांगाहून कलेंगेला येणारी बस अशी, की चढताना ज्याच्याशी आपलं भांडण झालं तो उतरताना आपल्या मांडीवर बसलेला असतो. तीस वर्षं असा प्रवास करून तिचं एक मत पक्कं झालं होतं. यंत्र वापरून बिघडतं, पण मरतं ते हुशार माणसाच्या हातून.

इथलं बिघडलेलं यंत्र म्हणजे डायथर्मी. ऑपरेशन चालू असताना विजेचा चटका देऊन हे यंत्र रक्त थांबवतं. दूरदेशीच्या कुठल्याशा इस्पितळाने दान केलेलं हे धूड तिने सकाळीच उघडलं होतं. आतला एक रेझिस्टर जळून कोळसा झाला होता. या एवढ्याशा दांडीवर रंगीत पट्टे असतात आणि पट्ट्यांवरून तिचं माप कळतं. पण पट्टेच जळाले होते. चुकीच्या मापाची दांडी घातली, तर यंत्र रक्त थांबवायच्या ऐवजी माणूसच थांबवायचं.

माप होतं त्या अकरा कागदांत. यंत्राचा कारखाना आठ वर्षांपूर्वी बंद पडला. बंद पडता पडता तिथल्या कुणा भल्या माणसाने शहरातल्या फॅक्सवर सगळे नकाशे पाठवले होते. पेर्पेतुआचा गुरू ब्रदर गाउदेन्सी याने त्यांवर बॉलपेनने, शिव्यांसकट, सूचना लिहून ठेवल्या होत्या. ब्रदर आता कबरीत होता. दुसरी प्रत नव्हती.

बाहेर व्हरांड्यात युफ्रासिया बसली होती. तिच्या गळ्याला पपईएवढं गलगंड होतं आणि ते श्वासनळीवर रेलत होतं. आडवी झाली की तिचा श्वास कोंडे, म्हणून दोन वर्षं ती बसूनच होती. गुरुवारी सर्जनचं छोटं विमान गवताच्या धावपट्टीवर उतरणार होतं. सर्जनने आधीच कळवलं होतं, की डायथर्मी चालू नसेल तर त्या गळ्याला हात लावणार नाही. पुढची फेरी एका वर्षाने. युफ्रासियाकडे वर्ष नव्हतं, हे नुसतं तिच्या श्वासाचा आवाज ऐकून कुणीही सांगितलं असतं.

आज मंगळवार होता.

"चोर कोण, ते मला ठाऊक आहे," डॉक्टर फेस्तो ताठ होत म्हणाले.

२

"सिस्टर स्कोलास्टिका," ते म्हणाले. "किल्ली ऑपरेशन थिएटरच्या खिळ्यावर असते आणि थिएटर तिच्या ताब्यात असतं. शहरात असले कागद विकले जातात म्हणे."

"कोण घेतं?"

"घेत असतील कोणीतरी."

"बंद कारखान्याच्या मोडक्या यंत्राचे नकाशे? भजी बांधायला का?"

डॉक्टर फेस्तोंना चेष्टा आवडत नसे. त्यांना जंतूही आवडत नसत. जंतूंशी त्यांचं वैर सबंध पठारावर प्रसिद्ध होतं. दाराच्या कड्या ते कोपराने उघडत. आपलं पेन ते उकळून घेत, त्यामुळे ते कधीच उठत नसे. एकदा थिएटरमधलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी कापडात गुंडाळून वाफेच्या भांड्यात घालायला लावलं होतं. तेव्हापासून कलेंगेच्या थिएटरमध्ये कायम सव्वादहा वाजलेले असत आणि ऑपरेशनं वेळेवर सुरू होत.

"बूट काढा," थिएटरच्या दारात ते पेर्पेतुआला म्हणाले. "इथे वाफवल्याशिवाय काहीही आत येत नाही."

"मीही?"

"तुम्ही उंबऱ्यावरून बघा."

उंबऱ्यावरून तिला भिंतीवर टाचलेलं सर्जनचं पत्र दिसलं. डॉक्टरांनी ते मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं. सर्जनने लिहिलं होतं: यंत्र म्हातारं आहे, मिस्त्रीण दुरुस्त करून गेली तरी ऑपरेशनच्या वेळी त्याचे कागद टेबलाशेजारी हाताशी असू द्या.

"कधी आलं पत्र?"

"शनिवारी."

"आणि रविवारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी, अंथरुणात. पाठ धरली होती. चर्चलाही गेलो नाही." त्यांनी रुमालाने हात पुसले आणि मग रुमालाकडे संशयाने पाहिलं. "माझी कसली चौकशी करताय, बाई? मी डॉक्टर आहे!"

"तेच म्हटलं," पेर्पेतुआ म्हणाली. "आधी अवघड विषय उरकून घ्यावा."

३

कारभारी किपेतांच्या टेबलावर तीन फोन होते आणि तिन्ही मुके होते, कारण कलेंगेला फोनची तार कधी पोचलीच नव्हती. टेबलाच्या मधोमध एक भला मोठा रेडिओ होता. खिशात चार पेनं होती.

"चहा घ्या," ते म्हणाले. "वाईट झालं. फार वाईट." त्यांच्या चेहऱ्यावर मात्र लग्नघरातल्या माणसाचं तेज होतं.

"आनंद कसला झालाय, साहेब?"

"छे! आनंद कसला?" त्यांनी खण उघडून एक जाड अर्ज काढला. "पण बघा, हे जुनं यंत्र दुरुस्तच होणार नसेल, तर नव्या यंत्राचा आमचा अर्ज वर पाठवता येईल. दोन वर्षं पडून आहे. नवं यंत्र आलं की समारंभ होईल, फीत कापली जाईल, फोटो निघेल."

"आणि युफ्रासिया?"

"कोण युफ्रासिया?"

पेर्पेतुआने खिडकीबाहेर पाहिलं. व्हरांड्यात जी बाई महिनाभर यांच्या खिडकीसमोर बसून घुरघुरते आहे, तिचं नाव यांना माहीत नाही, आणि फीत कोणत्या रंगाची असावी हे मात्र अर्जात लिहिलेलं आहे. कागद लपवायला या माणसाकडे कारण होतं, भरभक्कम होतं. पण पेटीचं कुलूप स्वतःच्या हाताने उघडण्याइतके कष्ट त्याने जन्मात केले असतील का, याचीच तिला शंका होती.

"रविवारी कुठे होतात?"

"चर्चमध्ये! पिकाच्या अर्पणाचा दिवस. मी दोन शब्द बोललो."

"चाळीस मिनिटं बोलले," दारातून चहा आणणारी बाई पुटपुटली. "लेकरं भुकेनं रडायला लागली."

पेर्पेतुआचा कप आला, पण ठेवायला जागा नव्हती. कारभाऱ्यांनी आपला वाफाळता कप खुशाल बिशपच्या कचेरीतून बसवाल्याच्या हाती आलेल्या एका पत्रावर टेकवला. तो गुळगुळीत, गुंडाळी होऊ पाहणारा फॅक्सचा कागद होता. बोलता बोलता त्यांनी कप उचलला.

"अरेच्चा! कप तर पुसलेला होता."

बिशपच्या सहीभोवती एक गोल काळं कडं उमटलं होतं. किपेतांनी बोटाने घासलं. निघेना. त्यांनी थुंकी लावून घासलं.

पेर्पेतुआ हातातला चहा न पिताच उठली.

४

सिस्टर स्कोलास्टिका कपडे धुण्याच्या दगडावर बसून थिएटरची हिरवी कापडं बदडत होती. ती कापडं बदडतेय की डॉक्टरांना, ते सांगणं अवघड होतं.

"मी नाही घेतले, पेर्पेतुआबाई. शनिवारी रात्री पेटीत होते. पेटी पुसताना उघडून मी पाहिलेत. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी चर्चमध्ये होते. गायन माझ्याकडे असतं. सगळं गाव साक्षीला आहे."

"सगळं गाव? इस्पितळातलं कोण मागे होतं?"

"रोगी. आणि डॉक्टर, ते पाठ धरून पडले होते ना! दुसरं कोणी नाही. स्वयंपाकीणसुद्धा मक्याची टोपली घेऊन आली होती."

"तुझ्यावरच का आळ घालतायत?"

"कुणावर घालणार? तुमच्यावर? तुम्ही तर आजच आलात." तिने कापड पिळलं. "एरवी एवढे वाईट नाहीत हो ते. सोमवारी तर कमाल केली. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीची काच फुटलीय ना, वर्ष झालं. उजेड येतो आणि सगळ्या फिल्मा धुरकटतात. सोमवारी सकाळी बघते तर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने खिडकी बुजवलेली. चिकटपट्टी लावून, काळ्या कागदांनी, छान! जन्मात पहिल्यांदा त्यांना काम करताना..." ती थांबली. "पाहिलंसुद्धा नाही म्हणा. पण झालं खरं."

पेर्पेतुआ तिथून सरळ व्हरांड्यात गेली. ज्याला झोप नाही त्याला सगळं दिसतं, म्हणून खरं तर तिने पहिल्यांदा इकडेच यायला हवं होतं. ही चूक तिने मनात कबूल केली आणि कुणाला सांगितली नाही.

युफ्रासिया खांबाला टेकून बसली होती. तिचा नवरा अपोलिनारी शेजारी वाडग्यात मक्याच्या पिठाची उगाली मळत होता. काठीसारखा बारीक माणूस, डोळ्यांखाली काळं.

"रविवारी?" युफ्रासिया घुरघुरत म्हणाली. दर चार शब्दांनी तिला श्वास गोळा करावा लागे, तरी तिची जीभ काही हातचं राखत नव्हती. "रविवारी सगळे देवाकडे गेले. मागच्या खोलीतून धूर आला. मग शिटी. ही मोठी शिटी! मी म्हटलं, डॉक्टरसाहेब एकटेच भात लावून खातायत. आम्हाला विचारलं नाही."

"वाफेच्या भांड्याची शिटी?"

"तीच. सिस्टर कधी वाजू देत नाही. कोळसे आधीच ओढते ती. ज्याला चुलीचं काही कळत नाही, त्याच्याच हातून वाजते."

"तुला काही कागद नेताना दिसले?"

"कागद नाही. हिरव्या कापडातलं गाठोडं होतं. तान्हं पोर धरावं तसं छातीशी धरलेलं." ती हसायला गेली आणि खोकली. अपोलिनारीने वाडगं टाकून तिची पाठ धरली.

"मिस्त्रीणबाई," तो म्हणाला, "गुरुवारी होईल ना?"

पेर्पेतुआ खोटं बोलत नसे. ती म्हणाली, "एक खिडकी बघून सांगते."

५

अंधाऱ्या खोलीत चार माणसं मावत नाहीत. पेर्पेतुआने तिघांना कोंबलं, स्वतः घुसली आणि दार लावून घेतलं. बाहेर भर दुपार होती, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

"हा काय प्रकार आहे?" किपेतांचा आवाज आला.

"अंधारात बोलू. इथे कुणाला हुद्दा नसतो." पेर्पेतुआचा आवाज शांत होता. "चोर विकायला कागद नेतो. हे कागद कोणी विकत घेणार नाही, म्हणजे चोर नाही. ते लपवायला एका माणसाकडे कारण होतं, पण रविवारी तो चर्चमध्ये चाळीस मिनिटं गावाला छळत होता."

"दोन शब्द—"

"गप बसा, साहेब. सिस्टर गात होती. मग उरला तो, ज्याला कागद विकायचे नव्हते आणि लपवायचेही नव्हते. त्याला ते फक्त थिएटरमध्ये न्यायचे होते. सर्जनचा हुकूम भिंतीवर टाचलेला आहे. आता सांगा, कलेंगेच्या थिएटरमध्ये कुठलीही वस्तू जाण्याआधी तिचं काय होतं?"



"अगं आई गं," स्कोलास्टिका म्हणाली. "वाफवले!"

"वाफवले. हिरव्या कापडात बांधून, भांड्यात घालून, शिटी होईपर्यंत. आणि फॅक्सच्या कागदाला गरम काही लागलं की तो काळा पडतो. नुसता चहाचा कप टेकवला तरी. साहेबांच्या टेबलावर जाऊन बघा, बिशपच्या सहीला काजळ घातलंय. डॉक्टर, गाठोडं सोडलंत तेव्हा काय दिसलं?"

मग एक बारीक, हुद्दा नसलेला आवाज म्हणाला, "कोळसा. अकराच्या अकरा. मला वाटलं, शाई फुटली असेल."

"आणि पोरीचं नाव पुढे केलंत."

"निर्जंतुक करणं हा गुन्हा आहे का?"

"नाही. पोरीच्या माथी मारणं आहे."

"डॉक्टर!" स्कोलास्टिकाचा आवाज चढला. "मला नोकरीवरून काढणार होतात तुम्ही! निदान जाळून तरी टाकायचे, खिडकीला कशाला लावलेत?"

"चांगला काळा कागद होता," डॉक्टर फेस्तो पुटपुटले. "वाया कशाला घालवायचा?"

तीस वर्षांत पेर्पेतुआने सुरीने स्क्रू फिरवणारे पाहिले होते, ऑक्सिजनच्या नळीने बागेला पाणी घालणारे पाहिले होते. पण पुरावा भिंतीवर लावून वर त्याबद्दल शाबासकी घेणारा तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"म्हणजे कागद कायमचे गेले," किपेता म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली कळी अंधारातही खुलली. "आता नवंच यंत्र. अर्ज आजच्या बसने—"

"छापलेलं गेलं," पेर्पेतुआ म्हणाली. "ते काही परत येत नाही."

तिने विजेरी पेटवली. खिडकीवर समोरून प्रकाश टाकला, नुसतं काळं. मग ती विजेरी भिंतीला गाल लावल्यासारखी आडवी धरून बाजूने उजेड सोडला.

काळ्यावर ओळी उठल्या. बॉलपेनने दाबून दाबून लिहिलेल्या अक्षरांच्या चऱ्या, आणि चऱ्यांत शाईची पुसटशी चमक. ब्रदर गाउदेन्सी लिहायला बसला की टेबलालाही अक्षरं उमटत, एवढा त्याला माणसांचा राग येई.

तिने तीन कागद वाचून काढले आणि चौथ्यावर थांबली. मग तिने मोठ्याने वाचलं:

"छापलेलं माप खरं मानणारा गाढव. ते तिकडच्या शहाण्या विजेसाठी आहे. आपला जनरेटर पिसाळलेला आहे. शंभर घातलं, दोनदा जळालं. इथे दीडशे ओहमचा घाल, जाड अंगाचा. यापुढे जो शंभर घालेल त्याच्या हातात यंत्र देऊ नका, चमचाही देऊ नका."

"म्हणजे," स्कोलास्टिका हळूच म्हणाली, "कागद चांगले असते आणि छापलेलं वाचून दुरुस्त केलं असतं, तर..."

"तर ऐन ऑपरेशनमध्ये गेलं असतं," पेर्पेतुआ म्हणाली. "डॉक्टर, खूश होऊ नका. हे तुमचं कर्तृत्व नाही."

६

खोक्यात तिच्याकडे शंभराचा एक जाड रेझिस्टर होता. त्याच्या शेपटीला सत्तेचाळीसचा जोडला की दीडशेच्या जवळ जाऊन काम भागत होतं.

"सत्तेचाळीस कुठे मिळेल?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"तुमच्या रेडिओत."

किपेता रेडिओवर आडवे पडले नाहीत एवढंच. बातम्या, हवामान, देशाचं भवितव्य वगैरे बरंच ते बोलले. पेर्पेतुआने तोपर्यंत मागचे चार स्क्रू काढले होते.

बुधवारी जनरेटर लावला आणि तिने बकऱ्याच्या मांसाच्या तुकड्यावर यंत्र चालवून पाहिलं. चर्र झालं, वास सुटला, आणि कलेंगे इस्पितळात त्या महिन्यात पहिल्यांदा काहीतरी अपेक्षेप्रमाणे घडलं.

डॉक्टर फेस्तोंनी बुधवार अंधाऱ्या खोलीत गुडघ्यांवर काढला. एका हातात आडवी विजेरी, दुसऱ्या हातात न उकळलेलं पेन. ब्रदरची सगळी अक्षरं त्यांनी वहीत उतरवली, शिव्या न गाळता, तीन प्रती. तपासायला स्कोलास्टिका होती. दुसऱ्या प्रतीत त्यांनी 'गाढव' हा शब्द सोडला होता, तिने ते पान फाडून पुन्हा लिहायला लावलं.

गुरुवारी विमान आलं. सर्जनने यंत्र पाहिलं, वही पाहिली आणि मूळ कागद कुठे आहेत ते विचारलं.

"सुरक्षित जागी ठेवलेत," डॉक्टर म्हणाले.

"उजेडापासून दूर," कारभाऱ्यांनी जोड दिली.

पेर्पेतुआ दारात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हे दोघं कधी ना कधी एखाद्या समितीवर जाणार, बिल्ले लावणार, यंत्रांची निगा या विषयावर भाषण करणार, आणि लोक टाळ्या वाजवणार. त्यासाठी आपला श्वास कशाला खर्च करायचा? आत टेबलावर जी बाई होती, तिला श्वासाची किंमत ठाऊक होती.

तीन तास यंत्र चर्र चर्र करत राहिलं. एकदाही थांबलं नाही.

शुक्रवारी सकाळी पेर्पेतुआ खोकं बांधून बसची वाट पाहत होती. अपोलिनारी उगालीचं झाकलेलं भांडं घेऊन आला आणि वॉर्डच्या दारात थबकला. युफ्रासिया कोपऱ्यातल्या खाटेवर होती. सपाट, उताणी, गळ्याला पांढरी पट्टी, डोळे मिटलेले. तो तिथेच उकिडवा बसला आणि तोंडावर हात दाबून रडायला लागला.

"अहो!" पेर्पेतुआ आत येत खेकसली. "मेली नाही ती. झोपलीय. हळू रडा."

"पण आडवी आहे," तो म्हणाला.

"आडवीच झोपतात माणसं."

त्याने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. युफ्रासियाची छाती वर गेली, खाली आली. घुरघुर नव्हती. तो ऐकत राहिला.

"दोन वर्षं," तो म्हणाला, "मी तिच्या पाठीला पाठ लावून बसलोय, बाई. मी कलंडलो की ती कलंडायची. म्हणून मीही..."

तो उठला आणि भांडं खिडकीत ठेवलं. मग कुणाला न विचारता खाटेखालच्या उघड्या फरशीवर लांब झाला, आणि पाय ताणायच्या आत घोरायला लागला.

स्कोलास्टिका गोळ्यांचा ट्रे घेऊन आली. नातेवाइकांनी वॉर्डात झोपायचं नाही, असा नियम होता आणि तो भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेला होता. तिने खाली पाहिलं, मग पेर्पेतुआकडे पाहिलं.

"पायात येतोय," पेर्पेतुआ म्हणाली. "ओलांडून जा."

स्कोलास्टिका त्याला ओलांडून गेली.